न विकलेलं चित्र कुठल्या तक्त्यात असतं?

मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात एम. एफ. हुसेन यांचं 1954 सालचं ‘ग्रामयात्रा’ सुमारे 1 कोटी 38 लाख डॉलरला गेलं. हुसेन जन्माने पंढरपूरचे, त्यामुळे आपल्याकडे बातमी चवीने वाचली गेली. लगेच निष्कर्षही निघाला: चित्रात पैसा घातला की तो वाढतोच. तुम्ही पीएच.डी.च्या तयारीत असाल तर इथे जरा थांबा. हा निष्कर्ष नेमका कुठल्या डेटावरून निघाला?

आमच्या वालचंदनगरकडचं उदाहरण घेऊ. उसाचा एकरी उतारा फक्त कारखान्याच्या काट्यावरच्या पावत्यांवरून काढला, तर काय होईल? पाण्याअभावी जळालेला किंवा चाऱ्यासाठी तोडलेला ऊस हिशेबात येणारच नाही. सरासरी फुगेल. याला सिलेक्शन बायस म्हणतात.

आता चित्रांच्या व्यापाऱ्याच्या जागी उभे राहा. मुंबईत केकू गांधींचा केमोल्ड नावाचा फ्रेमचा व्यवसाय होता. नव्या चित्रकारांची चित्रं ते आपल्या दुकानात लावत. पुढे 1963 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली. असा गॅलरीवाला काय बघतो? कोणतं चित्र गेलं, कोणतं महिनोन्‌महिने भिंतीवर राहिलं, कोणतं चित्रकाराकडे परत गेलं, हे सगळं. पण ही माहिती त्याच्या वहीत राहते.

लिलावांनी बाजार बदलला. 2013 मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं चित्र सुमारे 23.7 कोटींना गेलं आणि आकडा सगळ्यांना कळला. संशोधकाला डेटा मिळाला खरा, पण तो काट्यावर आलेल्या उसाचाच! ज्याचा भाव चढलाय ते चित्र मालक लिलावाला काढतो. ज्याचा पडलाय ते घरातच राहतं.

याने किती फरक पडतो? कोर्टेवेग, क्रॉयसल आणि फरवेमेरन यांचा 2016 चा पेपर बघा. 1960 ते 2013 या काळात लिलावात एकाहून जास्त वेळा विकली गेलेली 32,928 चित्रं त्यांनी घेतली. नेहमीच्या पद्धतीने वार्षिक परतावा आला 8.7 टक्के. मग त्यांनी किमतीसोबत ‘चित्र विकायला येण्याची शक्यता’ही मॉडेलमध्ये धरली. परतावा उरला 6.3 टक्के. चित्रं तीच, फक्त गैरहजर चित्रांचा विचार झाला.

तुमचा विषय चित्रकला नसेलही. रुग्णालयाचा डेटा असेल तर दवाखान्यापर्यंत न पोहोचलेला रुग्ण आठवा. ऑनलाइन सर्व्हे असेल तर मोबाइल नसलेली बाई आठवा. सिनॉप्सिस लिहिताना ‘नमुना’ या मथळ्याखाली एक वाक्य जरूर घाला: माझ्या डेटात कोण येऊ शकलं नाही, आणि का? गाइडने विचारायच्या आधी आपणच विचारलेलं बरं.