कापसाचे गोत्र

जिनिंग कामगारांच्या संघटनेत आमची हयात गेली. तेथे कापसाची प्रत धाग्याच्या लांबीवरून ठरते. पण प्रत म्हणजे गोत्र नव्हे. (माणसांच्या बाबतीतही ही गफलत होतेच.) साखरखेर्ड्याच्या बांधावरील रुईच्या फळातून म्हातारी उडते, भेंडीत धागा मुळीच नाही, तरी कापसाची सोयरी भेंडीच! दोहोंची फुले उकलून पाहा: पुंकेसर जुळून नळी झालेली. जास्वंदीतही तीच.

विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञांनी १९५० साली हा दंडक मांडला. पाच पाकळ्या रुईलाही असतात, म्हणून त्या पुराव्यास निरुपयोगी. एका पूर्वजात नव्याने उपजून वंशजांकडे आलेली खूणच नाते सांगते.

आता गावरान कापसात गुणसूत्रे २६, अमेरिकन कापसात ५२. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी गावरानाच्या कुळातला एक आणि अमेरिकेतला एक रानकापूस यांच्या संकरातून हा दुसरा वंश निघाला. म्हणजे परक्यात अर्धे कूळ आपल्याकडचेच! पण गावरानाचा काटकपणा त्यात आणावा म्हणून दोहोंचा सरळ संकर केला, तर ३९ गुणसूत्रांचे वांझ रोप हाती येते. आधी गुणसूत्रे दुप्पट करावी लागतात, मगच बी धरते.