मदीना : आश्रयाचें नगर

इस्लामी जगांतील पवित्र नगरांत पहिला मान मक्केचा आणि त्याखालोखाल मदीनेचा. मक्केंत काबा आहे. पैगंबर महंमदांचा जन्मही तेथलाच. मदीनेस अशी मूळची थोरवी नव्हती. जन्मभूमीनें ज्यांना छळलें त्यांना तिनें आश्रय दिला, आणि त्या आश्रयानेंच तिला पावित्र्य आणलें.

सातव्या शतकाच्या आरंभीं या गांवाचें नांव यस्रिब असें होतें. मक्केच्या उत्तरेस सुमारें ४५० किलोमीटरांवर, काळ्या ज्वालामुखी खडकांच्या पट्ट्यांमध्यें असलेली ही खजुरीच्या बागांची भूमि. तेथें औस व खजरज या दोन अरब टोळ्या आणि कांहीं यहुदी टोळ्या राहत. औस व खजरज यांच्या वैरानें सारा गांव त्रासला होता. हा कलह मिटवील असा निःपक्षपाती पुरुष गांवाला हवा होता. मक्केंत गांजलेल्या महंमदांना व त्यांच्या अनुयायांना निवारा हवा होता. दोन्ही गरजांचा मेळ बसला आणि इ. स. ६२२ मध्यें महंमद यस्रिबास आले. हीच हिजरत. मुसलमानी कालगणना पैगंबरांच्या जन्मापासून नव्हे, तर या स्थलांतराच्या वर्षापासून होते. मराठेशाहीच्या कागदपत्रांत आढळणाऱ्या सुहूर सनाचें मूळही याच हिजरी गणनेंत आहे.

यस्रिब पुढें ‘मदीनतुन्नबी’, म्हणजे पैगंबरांचें नगर, झालें. मक्केहून आलेल्या ‘मुहाजिरां’ना स्थानिक ‘अन्सारां’नीं, म्हणजे साहाय्यकर्त्यांनीं, आपल्या घरांत व मिळकतींत सामावून घेतलें. खजुरीच्या खोडांचे खांब आणि झावळ्यांचें छप्पर असलेली मशीद उभी राहिली. प्रार्थना, मसलत आणि न्यायनिवाडा हीं सारीं कामें तेथेंच चालत. टोळ्यांचे परस्परसंबंध ठरविणारा करारही झाला. परंतु हा सलोखा सर्वांच्या वांट्यास आला नाहीं. मक्केशीं युद्धें चालू असतां तीन प्रमुख यहुदी टोळ्यांपैकीं दोन टोळ्यांना नगर सोडावें लागलें, आणि तिसरीच्या पुरुषांचा ६२७ मध्यें वध झाला, असें परंपरागत चरित्रें सांगतात.

६३० मध्यें मक्का महंमदांच्या हातीं आली. आतां ते जन्मभूमींतच राहतील, अशी शंका अन्सारांना आली. पण ते मदीनेस परतले. ६३२ मध्यें पत्नी आयेशा यांच्या खोलींत त्यांचें देहावसान झालें व तेथेंच दफनही झालें. अबू बक्र व उमर हे पहिले दोन खलीफाही त्यांच्याशेजारीं विसावले आहेत. ६५६ नंतर राजसत्ता कूफा, दमास्कस, बगदाद अशी दूर जात राहिली. मदीनेचा मान मात्र ढळला नाहीं. १२७९ मध्यें कबरीवर घुमट उभारला गेला. त्याला हिरवा रंग मिळाला तो एकोणिसाव्या शतकांत.

मदीनेची भेट हा हजच्या विधींचा भाग नव्हे. ती घडली नाहीं तरी हज पुरा होतो. तरीही दूरदेशींचे असंख्य यात्रेकरू मक्केहून तिकडे वळतात आणि त्या कबरीपुढें उभे राहून हलक्या आवाजांत सलाम म्हणतात.