डब्यातलं कोलॅजेन आणि खिडकीतलं ऊन

औषधांच्या दुकानात हल्ली प्रोटीन पावडरीशेजारी कोलॅजेनचे डबे दिसतात. रोज चमचाभर पाण्यातून घ्या, सुरकुत्या कमी होतील, असा त्यांचा दावा. डबा स्वस्त नसतो, म्हणून हा दावा नीट तपासायला हवा.

कोलॅजेन हे आपल्या शरीरातलं सर्वांत मुबलक प्रथिन. त्वचेच्या आतल्या थरातलं पाणी वजा केलं, तर उरलेल्या वजनातला जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा त्याचा. त्याच्या रचनेचं कोडं सुटलं ते भारतात, हे सांगताना आजही ऊर भरून येतो. १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी दाखवलं, की यात तीन साखळ्या सुंभासारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत छोटं अमिनो आम्ल असतं, कारण पिळाच्या आत त्याहून मोठं काही मावतच नाही.

हा पीळ डब्यात नसतो. माशांचे खवले किंवा जनावरांची कातडी यांतलं कोलॅजेन कारखान्यातच बारीक तोडलेलं असतं. (वनस्पतींमध्ये कोलॅजेन नसतंच, शाकाहारी मंडळींनी ‘व्हीगन कोलॅजेन’ घेताना हे लक्षात ठेवावं.) उरलेली तोडफोड आपलं पोट करतं, डाळीच्या प्रथिनाची करतं तशीच. तरीही दोन-दोन अमिनो आम्लांचे काही तुकडे अखंड रक्तात पोचतात, हे मोजलं गेलं आहे. त्वचेतल्या पेशींना त्यांच्यामुळे चालना मिळत असेल, ही कल्पना म्हणून निराधार नाही.

पण माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात? ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२५ साली अशा २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, त्यांत १,४७४ जण होते. सगळ्या चाचण्या एकत्र धरल्या, तर त्वचेचा ओलावा आणि लवचिकपणा वाढलेला, सुरकुत्या घटलेल्या दिसतात. कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, की हा फायदा दिसेनासा होतो. उत्तम दर्जाच्या चाचण्यांतही तो दिसत नाही. माझ्या मते, सुरकुत्यांसाठी हा डबा घ्यायला सध्या तरी आधार नाही.

त्वचेतलं कोलॅजेन वयाबरोबर घटतं, पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तर झपाट्याने. ते आपल्या हातात नाही. उन्हाचं तसं नाही. सूर्यप्रकाशातले अतिनील-ए किरण त्वचेत खोलवर शिरतात आणि कोलॅजेन कापणारी विकरं तिथे वाढवतात. साध्या काचेतून अतिनील-बी किरण फारसे येत नाहीत, अतिनील-ए मात्र येतात. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो छापला. त्याने २८ वर्षं मालाचा ट्रक चालवला होता. खिडकीकडची, म्हणजे डावी बाजू खोल घड्यांनी भरलेली. उजवी बरीच तरुण. चेहरा एकच, वय एकच. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा आपल्या चालकांनी उजवा गाल जपावा.

तो कसा जपायचा, याचं चांगलं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावातून मिळालं. तिथे ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांच्या हातांच्या मागच्या बाजूचे सिलिकॉनचे ठसे घेऊन त्वचेचं वय जोखलं गेलं. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय साडेचार वर्षांत मोजण्याइतकंही वाढलं नव्हतं. त्याच अभ्यासात काहींना बीटा कॅरोटीनची गोळीही रोज दिली होती. तिने एकूणात काही फरक पडला नाही.