मांजरीचीं पिलें द्यावीं कोणास?

मांजरी व्याली म्हणजे घरांत कौतुक होतें. परंतु पिलें पोसणें जड वाटतांच तीं पोत्यांत घालून बाजारांत सोडण्याची वाईट चाल आढळते. उपासमार होईल अशा स्थितींत प्राण्यास टाकून देणें हा भारतांत सन १९६० च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. पिलूं निदान ८ आठवडे आईपाशीं ठेवावें. तेवढ्यांत तें स्वतः खावयास शिकतें. पुढें मागणाऱ्यास आपण तीन प्रश्न विचारावे: वडील मंडळींची संमति आहे काय? सुटींत परगांवीं गेल्यास पिलास कोण खाऊं घालील? लस टोंचवून घ्याल काय? मादी ४-५ महिन्यांची होतांच गाभण राहूं शकते. यास्तव वेळींच तिची शस्त्रक्रिया करविण्याचें वचनही घ्यावें. उत्तरें समाधानकारक नसल्यास नकार देण्यास संकोचूं नये. पिलूं हातावेगळें करणें सोपें आहे. तें योग्य हातीं सोंपविणें, हीच आमच्या मतें खरी भूतदया होय.