पोरं मैदानात, निर्णय कार्यालयात

युवकांसाठी काम करणाऱ्या संस्थेत विशी-पंचविशीतल्या कार्यकर्त्याचा दिवस कसा जातो? सकाळी दहाला कार्यालयात सही करायची. त्या वेळी वस्तीतली मुलं शाळेत असतात आणि थोरली पोरं कामावर. दुपारभर कालच्या सत्राचे फोटो निवडायचे, हजेरी एक्सेलमध्ये चढवायची, लाभार्थ्यांचा आकडा जुळवायचा. पोरं मोकळी होतात पाचला. मैदानावर जेमतेम दीड तास मिळतो, त्यातली दहा मिनिटं बॅनर धरून फोटो काढण्यात जातात. खेळ रंगात आला की व्हॉट्सअॅपवर निरोप येतो, ‘आजचा रिपोर्ट?’

नागपुरात यात उन्हाची भर पडते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, मैदान सकाळी सहा ते आठ एवढंच वापरता येतं. कार्यालयाची वेळ मात्र दहाचीच राहते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा उघडतात, पण मुंबई-पुण्यात आखलेल्या वेळापत्रकात ‘शाळाभेटी’ जूनच्या मध्यालाच सुरू झालेल्या असतात. कार्यकर्ता बैठकीत म्हणतो, ‘सर, पोरं पाचनंतरच भेटतात, वेळ बदलून घ्या ना.’ उत्तर ठरलेलं असतं, ‘अरे, आम्ही तीस वर्षं काम केलं, कधी घड्याळ नाही पाहिलं.’

दोघंही खरंच बोलतात. म्हणून तर हा पेच सुटत नाही.

दोन पिढ्या, दोन शाळा

आज संस्थांच्या मुख्य खुर्चीवर असलेली ज्येष्ठ मंडळी बहुतेक चळवळीतून आली. बाबा आमटेंनी 1967 मध्ये सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, 1975 मध्ये जयप्रकाश नारायण यांनी छात्र युवा संघर्ष वाहिनी उभी केली. या वातावरणात घडलेल्या तरुणांना पगार नव्हता, प्रकल्प नव्हता, अहवालही नव्हता. काम म्हणजे झोकून देणं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं.

आजचा कार्यकर्ता समाजकार्य महाविद्यालयातून येतो किंवा ज्या वस्तीत काम चालतं तिथूनच येतो. त्याच्या हाती अकरा महिन्यांचा करार असतो, घरी भाडं आणि धाकट्या बहिणीची फी असते. त्याच्याकडून त्याग चळवळीतला मागितला जातो आणि हिशेब कंपनीतला. या दोन मागण्यांच्या कात्रीत सापडून तो वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. वस्तीतल्या पोरांसाठी मात्र तो ‘आणखी एक दादा सोडून गेला’ असा असतो, आणि पुढच्या दादावर विश्वास ठेवणं त्यांना अवघड जातं.

पैसा बदलला, घडण बदलली

याचं खापर ज्येष्ठांच्या स्वभावावर फोडणं सोपं आहे, पण अन्यायाचं. कामाचा पैसा कुठून येतो, हेच या काळात बदललं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार एप्रिल 2014 पासून ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्चणं बंधनकारक झालं. पैसा आला, पण तो आर्थिक वर्षाच्या चौकटीत आणि मोजता येणाऱ्या आकड्यांच्या अटीवर आला. किती मुलं आली, हे मोजता येतं. दारूच्या अड्ड्यावर जाणारा एक पोरगा मैदानाकडे वळला, त्यामागचे सहा महिने कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने छोट्या संस्थेला तो निधी देणं बंद झालं. मग पहिली कात्री लागते ती माणसं घडवण्याच्या खर्चाला. मैदानावर उत्तम काम करणाऱ्याला एके दिवशी समन्वयक केलं जातं. माणसं कशी सांभाळायची, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. वरून आलेला ताण तो तसाच खाली ढकलतो. ज्याला आपण त्रासदायक व्यवस्थापन म्हणतो, ते बऱ्याचदा असं न शिकवलेलं व्यवस्थापन असतं.

तिसरी गाठ विश्वस्त मंडळाची. आपल्याकडच्या बहुतेक संस्था 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या आहेत, आणि तहहयात विश्वस्त हा त्यांतला जुना रिवाज. 2025 मध्ये राज्याने त्याला आवर घातला: विश्वस्तपत्रात वेगळी तरतूद नसेल, तर कायमस्वरूपी विश्वस्त एकूण संख्येच्या एक चतुर्थांशाहून जास्त असू नयेत. कायद्याने दार किलकिलं केलं आहे. पण राष्ट्रीय युवा धोरण 2014 ज्या 15 ते 29 वयाला युवा म्हणतं, त्या वयाचं माणूस मंडळावर आणणं हे संस्थेनेच मनावर घ्यायला हवं.

सोपवणं जमतं

ते जमतं, याचा दाखला नागपुरातच आहे. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये पावसात फुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली, आणि त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभा राहिला. नागराज मंजुळे यांच्या 2022 च्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ही गोष्ट घरोघरी पोचली. त्यापुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. इथली पोरं ज्या बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकात उतरतात, तिथे खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. स्पर्धा संपल्यावर त्या पोरानं करायचं काय? बारसे यांच्या ‘स्लम सॉकर’ संस्थेने खेळाडूंना प्रशिक्षक केलं. 2010 मध्ये रिओला भारतीय संघाचं नेतृत्व केलेला नागपूरचा तरुण पुढे इतरांना शिकवू लागला. अमेरिकेतून परतलेले बारसे यांचे चिरंजीव अभिजीत यांनी संस्थेची घडी बसवली, आणि 2016 मध्ये ‘फिफा’चा विविधता पुरस्कार नागपूरला आला. ज्याच्यासाठी काम सुरू झालं, त्याच्या हाती शिट्टी गेली, हे या प्रवासाचं खरं यश.

जयप्रकाशांच्या वाहिनीने तर हे नियमातच बांधलं होतं. तिशी उलटली की सदस्यत्व संपायचं. बोधगयेच्या मठाच्या जमिनींचा लढा याच तरुणांनी चालवला. चुका त्यांच्या होत्या आणि निर्णयही त्यांचे होते. त्या वाहिनीत घडलेल्या ज्येष्ठांनी आज स्वतःच्या संस्थेत हा नियम आठवावा, एवढंच मागणं आहे.

करण्याजोगं पुष्कळ आहे. कामाची वेळ मैदानावरच्या माणसाने ठरवावी. छोट्या खर्चाच्या मंजुरीचा अधिकार त्याच्याकडे असावा. एक फुटबॉल घ्यायला तीन सह्या लागू नयेत. देणगीदारांनी कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च अंदाजपत्रकात मान्य करावा. आणि विश्वस्त मंडळावर तिशीच्या आतल्या दोघांना, शक्यतो वस्तीतूनच आलेल्यांना, मताच्या अधिकारासह घ्यावं. ज्येष्ठांचा अनुभव तेव्हाही लागेलच, आदेश म्हणून नव्हे तर सल्ला म्हणून. यासाठी नव्या निधीची वाट पाहायला नको. पुढच्या सभेत एक ठराव, आणि 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल, इतकंच लागतं.