ठिगळांचा अंगरखा

भाऊबीज झाली की तिरोडा तालुक्यात गावोगावी मंडई भरायला लागते. आज एका गावाची, उद्या शेजारच्या गावाची. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो आणि सासरी गेलेल्या लेकी याच दिवसांत माहेरी आलेल्या असतात. दुपारी गोवारी मंडळी ढाल नाचवत येतात. डफ-ढोलकीवर खडी गंमत, म्हणजे इकडचा तमाशा, रंगते; कुठे दंडार हे इकडचं लोकनाट्य उभं राहतं. रात्री नाटक, तेही पहाटेपर्यंत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीत नाटकाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. बहुतेक नाटक कंपन्यांचा मुक्काम गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला असतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक अशी इथली जुनी जोडी. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीतल्या प्रत्येक घराला तो आपलाच मान वाटला.

दंडारीत बाईचं काम पुरुषच करतात. त्या वेशासाठी आमच्या आळीत कुणाच्या तरी घरून लुगडं-पोलकं मागून न्यायचे. पोलक्याची शिवण उसवून ते नटाच्या अंगावर बसवायचं आणि मंडई झाली की पुन्हा टीप घालायची, हे काम घरातल्या बायकांचं. प्रयोगाच्या जाहिरातीत त्यांचं नाव कधी नसतं. मला मात्र तमाशा, दंडार, नाटक काहीही बघताना आधी शिवण दिसते, ती यामुळेच.

सध्या मी स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात राहते. थंडी लांबलचक, संध्याकाळ लवकरच काळोखी. अशा हवेत सुई-दोरा हाताशी असला की घर सुसह्य होतं. दुसुतीवरचं भरतकाम, क्रोशाचे रुमाल, जुन्या साड्यांची गोधडी, काही ना काही चालू असतं. गोधडीला धावदोरा पुरतो. कडेपासून मध्याकडे चौकोनात टाके घालत गेलं की आतले थर सरकत नाहीत. गोंदियाच्या थंडीत निजलेल्या माणसाला तिची ऊब वेगळी सांगायला नको.

या देशाचं सुईकामाशी नातं जुनं आहे. पूर्वेकडच्या सेंट गॅलनमध्ये इझाक ग्रोब्ली यांनी 1863 च्या सुमारास शिफली हे भरतकामाचं यंत्र बनवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एम्ब्रॉयडरी ही स्वित्झर्लंडची सर्वांत मोठी निर्यात होती. पहिल्या महायुद्धानंतर फॅशन बदलली आणि तो धंदा कोसळला.

पण माझं मन बसलं ते बासेलच्या कार्निव्हलवर. इथे त्याला फास्नाख्त म्हणतात. त्याची लेखी नोंद 1376 पासून सापडते आणि 2017 मध्ये युनेस्कोने त्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. इतर बहुतेक ठिकाणचे कार्निव्हल ॲश वेन्सडेला, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो त्या बुधवारी, संपतात. बासेलचा त्याच्या पुढच्या सोमवारी, पहाटे चारला सुरू होतो. ठोक्याला शहरातले दिवे विझतात, ढोल आणि पिकोलो बासऱ्या एकदम वाजायला लागतात आणि उजेड उरतो तो फक्त रंगवलेल्या कंदिलांचा. या क्षणाला मोर्गेश्ट्राइख म्हणतात. तिथून बरोबर 72 तास शहर वाजत राहतं.

या मिरवणुकांत ब्लेट्झलीबायास नावाचं एक जुनं सोंग असतं. त्याचा अंगरखा म्हणजे नुसती ठिगळं. जिभेच्या आकाराचे कापडाचे शेकडो तुकडे, प्रत्येकाची फक्त वरची कड शिवलेली, खालची मोकळी. माणूस चालला की सगळे तुकडे हलतात. हे सोंग दिसलं आणि मी त्याच्या मागे गल्ली संपेपर्यंत चालत गेले, शिवण बघत.

असा अंगरखा करायला अवघड नाही, वेळखाऊ आहे. साधा सैल अंगरखा आधी शिवून घ्यायचा. तुकड्यांची पहिली ओळ अगदी खालच्या घेराला, मग तिच्यावर दुसरी, अशी चढत जायची, कवेलू छतावर वळचणीपासून आढ्याकडे चढवतात तशी. वरच्या ओळीने खालची शिवण झाकली पाहिजे आणि प्रत्येक ओळीतले तुकडे आधीच्या ओळीतल्या फटींवर आले पाहिजेत. फेल्टचं कापड घेतलं तर सुतं निघत नाहीत, कड दुमडावी लागत नाही. सुती साडी वापरायची तर तुकडा दुहेरी शिवून उलटवावा. मी पहिल्यांदा लहान मुलाच्या मापाचा केला. जुन्या पातळांचे काठ त्यात फार शोभले. मोठ्या माणसाचा करायचा असेल तर उन्हाळ्यातच हातात घ्यावा.

भाषेचं काय, असं गावाकडून फोनवर हटकून विचारतात. इथली बोली पुस्तकी जर्मनपेक्षा फार वेगळी, आणि फास्नाख्तची सगळी थट्टा त्याच बोलीत चालते. क्लिक म्हणजे ढोल-बासरीची मंडळं. ती दर वर्षी एखादा ताजा विषय निवडतात, राजकारण नाही तर नगरपालिका, आणि त्यावर यमकातल्या ओळी छापलेल्या लांबट चिठ्ठ्या वाटतात. संध्याकाळी खानावळींतून श्निट्झेलबांक गाणारे फिरतात. एक जण चित्राचा फलक उलटतो, बाकीचे त्यावर टोमणा गातात. शब्द निसटतात, पण शेवटच्या ओळीआधीचा तो थांबा मला बरोबर ओळखू येतो. खडी गंमतीतला शाहीर टोला मारण्याआधी असाच थांबतो. मंडईत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आणि परक्या गावात हा केवढा मोठा आधार आहे!

दंडारीवर आणि झाडीबोलीवर साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर काम केलं. गाणी, सोंगं, बोली त्यांच्यासारख्यांमुळे कागदावर आली. वेशांचंही असंच काम व्हायला हवं असं मला कळकळीनं वाटतं. कुठलं लुगडं कसं नेसवलं जायचं, झालर कशाची असायची, दागिने कोण करायचं, हे सांगणाऱ्या आज्या आपल्या गावांत अजून आहेत. दिवाळीला घरी जाणाऱ्यांनी मंडईच्या दुपारी त्यांच्याजवळ बसून विचारावं, फोटो काढावेत, टाक्यांची नावं लिहून घ्यावीत.

आणि कुणी बासेलला येणार असेल तर थोडं सांगून ठेवते. प्रेक्षकांनी सोंग घेऊन जायचं नसतं. वेश आणि मुखवटा मिरवणाऱ्यांचाच. कोटाला फास्नाख्तचा बिल्ला लावावा, त्याच्या पैशांतून मंडळांना मदत होते. पहाटे भाजलेल्या पिठाचं सूप आणि कांद्याचा टार्ट मिळतो, तो खाऊन घ्यावा. मोठ्या मिरवणुका सोमवारी आणि बुधवारी दुपारी निघतात. मंगळवार मुलांचा. त्या दिवशी कुटुंबंच्या कुटुंबं घरी शिवलेल्या वेशांत गल्ल्यांतून फिरतात, आणि मोठे कंदील म्युन्स्टरप्लाट्झ या चौकात मांडून ठेवलेले असतात. ज्यांना टाके जवळून बघायचे आहेत त्यांनी मंगळवार चुकवू नये.