मन लागत नाही तेव्हाची प्रार्थना

मन प्रसन्न असताना प्रार्थना करायला कुणी शिकवावे लागत नाही. मुलगा परीक्षेत पास झाला, दुखणाईत सुखरूप घरी परतला, की शब्द आपोआप ओठांवर येतात. प्रश्न उरतो तो बाकीच्या दिवसांचा. आमच्या ख्रिस्ती घरात रात्रीची जेवणे आटोपली की शास्त्रपाठ, एखादे गीत आणि प्रार्थना, असा वडिलांपासूनचा परिपाठ आहे. पण वर्षातून दोनतीनदा आठ-दहा दिवस असे येतात, की सारे ठीक असूनही माझ्या मनावर मळभ दाटते. वर्गात व्याख्यान रंगते, प्राध्यापकांच्या खोलीत थट्टामस्करीही होते. मात्र रात्री डोळे मिटले की आत काही हलत नाही. आपण भिंतीशी बोलत आहोत असे वाटते. ‘‘मन लागत नसेल तर करता कशाला? ते ढोंगच नाही का?’’ असे एका स्नेह्यांनी मला विचारले. देवघरात सांजवात लावणाऱ्या वाचकांनाही हा प्रश्न कधीतरी पडला असेलच.

प्रश्न रास्त आहे. बायबलातील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. ती सारी स्तुतीचीच असतील, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात त्यांतली कितीतरी गाऱ्हाणी आहेत. बहुतेक गाऱ्हाण्यांच्या शेवटी आशेचा किरण तरी दिसतो. ८८ व्या स्तोत्रात तोही नाही. ते अंधारातच संपते. तरीही कुणी ते ग्रंथातून वगळले नाही. वधस्तंभावर येशूने देवाला ‘मला का टाकलेस’ असे विचारले, तो आक्रोशही २२ व्या स्तोत्राचाच आरंभ. तुकोबांचे विठ्ठलाशी भांडण ज्यांच्या परिचयाचे आहे, त्या मराठी वाचकांना यात नवल वाटू नये.

मदर तेरेसांचे १९९७ साली निधन झाले. पुढे २००७ मध्ये त्यांची खाजगी पत्रे पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा जग चकित झाले. ज्यांच्या मुद्रेवर सदैव प्रसन्नता दिसे, त्यांना कित्येक दशके देवाचे सान्निध्य जाणवतच नव्हते! तरीही त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि रुग्णसेवाही सोडली नाही.

मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज ज्या जेझुइट पंथाने काढले, त्याचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६). १५४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साधनाग्रंथात ते बजावतात, की उदासीच्या काळात आधीचा निश्चय बदलू नये. उलट प्रार्थनेला थोडा अधिकच वेळ बसावे. खिन्न मन हा चांगला सल्लागार नव्हे, हे त्यामागचे मर्म. अधिक वेळ बसण्याइतके बळ माझ्यात नसते. पण ठरलेली वेळ मोडायची नाही, एवढे मी त्यातून घेतले आहे.

अशा दिवसांत मी स्वतःचे शब्द शोधत बसत नाही. येशूने शिष्यांना शिकवलेली छोटी प्रार्थना म्हणतो. व्याकरण शिकवणाऱ्याच्या नजरेला तिच्यात एक गोष्ट दिसते. ‘मी’ तिच्यात कुठेच नाही. प्रार्थना करणारा प्रत्येक ठिकाणी ‘आम्ही’ म्हणून बोलतो. म्हणजे माझे मन लंगडत असेल त्या दिवशी इतरांनी मला सोबत न्यावे, अशी सोय तिच्या रचनेतच आहे. आमच्याकडे तसेच घडते. पत्नी माझा चेहरा पाहून म्हणते, ‘‘आज तुम्ही नुसते बसा. आम्ही म्हणतो.’’ आईचा थरथरता आणि मुलांचा घाईचा आवाज कानी पडत राहतो, आणि माझी हजेरी लागते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, कशातच रस उरला नाही आणि हे पंधरवड्याहून अधिक टिकले, तर तो आजार असू शकतो. मग डॉक्टरांकडे जावे. जीव नकोसा वाटू लागला तर एक दिवसही थांबू नये. मधुमेहाचे औषध घेताना कुणाची श्रद्धा कमी पडत नाही. मनाच्या औषधानेही पडत नाही.

राहता राहिला स्नेह्यांचा प्रश्न. आत नसलेली भक्ती लोकांना दाखवणे, हे ढोंग. ‘आज आत काही नाही’ असे देवालाच सांगायला बसणे, याला मी तरी ढोंग म्हणणार नाही.